सतराव्या पानावर बुडालेली होडी

चौतीस मुलांचा अख्खा वर्ग तीन आठवडे एकाच पानावर अडकून पडला, आणि तोही वर्गाच्या बाईंच्या सख्ख्या वडिलांमुळे, असं कुणी सांगितलं तर ऐकणारा म्हणेल, काहीतरीच काय. पण झालं ते असंच झालं. आणि वडिलांना कशाला नावं ठेवायची, सुरुवात बाईंनी स्वतःच्या हातांनी केली होती.

बाई सहावीला शिकवायच्या. सहा वर्षं त्याच शाळेत, खिडकीची कडी तुटलेल्या त्याच वर्गात, आणि सहाही वर्षं हंगामी. अकरा महिने झाले की एक महिना त्या शाळेच्या कुणीच नसायच्या. त्या महिन्यात वर्गात विसरलेली छत्री न्यायला आल्या तरी शिपाई फाटकाशी थांबवून ‘कुणाकडे काम आहे?’ असं विचारायचा, आणि विचारताना बिचारा स्वतःच खाली बघायचा. महिना संपला की हेडसर नवा कागद पुढे करायचे. शेवटच्या पानावर पेन्सिलीने फुली मारलेली असायची. बाई त्या फुलीवर सही करायच्या आणि पुन्हा वर्गाची किल्ली घ्यायच्या. आधीची पानं किती असतात हे त्यांनी कधी मोजलंही नव्हतं.

या वर्षी मात्र हेडसरांनी त्यांना खोलीत बोलावून खुर्चीवर बसवलं. एरवी बाई तिथे उभ्याच असायच्या, त्यामुळे काहीतरी मोठं आहे हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. शाळेने एकत्र वाचनाचं एक ॲप घेतलंय, प्रयोगासाठी एक वर्ग निवडायचाय, पुढच्या महिन्याअखेर कंपनीचा माणूस बघायला येणार, आणि प्रयोग पार पडला तर बाईंना कायम करायचं अध्यक्षांनी कबूल केलंय, असं हेडसर म्हणाले. कायम हा शब्द कानावर पडला आणि पुढचं बाईंना काही नीट ऐकूच आलं नाही. तिथेच घोळ झाला.

ॲप समजायला सोपं होतं. प्रत्येक मुलाच्या हातात एक टॅबलेट, आणि सगळ्या टॅबलेटांवर एकच पुस्तक, एकच पान. पान संपलं की खाली हिरवं बटण यायचं: ‘मी हे पान वाचले आहे व मला ते समजले आहे.’ त्यावर अंगठा टेकवायचा. शेवटच्या वाचकाने अंगठा टेकवला की टिंग वाजून सगळ्यांचं पान एकदम उलटायचं, तोवर कुणाचंच नाही. कुणी मागे राहू नये म्हणून ही सोय. ज्यांचं आधी व्हायचं त्यांनी समासात काही लिहावं, विचारावं, ते सगळ्यांना दिसायचं. पुस्तक खास या ॲपसाठीच लिहिलेलं होतं, छापील प्रत कुठेच नव्हती. एका नावाड्याची शहाण्णव पानांची गोष्ट होती.

मुलांच्या हातात देण्याआधी बाईंनी स्वतः प्रत्येक पान वाचून मंजूर करायचं होतं. ते त्यांनी घरी ओट्याशी उभं राहून केलं. समोर शेगडीवर दूध, डाव्या हातात टॅबलेट, उजव्या हाताचा अंगठा बटणावर. दूध वर यायच्या आत शहाण्णव पानं मंजूर झाली, आणि आपण किती पटपट कामं उरकतो याचं बाईंना कौतुकच वाटलं.

मग कळलं की ॲप पस्तीस वाचकांचं आहे आणि वर्गात मुलं चौतीस. एक जागा रिकामी राहिली तर पुस्तक उघडायचंच नाही. कंपनीला फोन लावला तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, शिक्षकांचं नाव वाचकांत चालत नाही, घरातलं दुसऱ्या कुणाचंही घाला ना मॅडम. घरात बाईंचे बाबा होते. त्यांच्याकडे भरती-ओहोटी बघायला घेतलेला टॅबलेटही होता. बाईंनी त्यांचं नाव घातलं, अंगठा नोंदवला आणि सांगितलं, बाबा, रोज एक हिरवं बटण येईल, ते फक्त दाबायचं.

आता हे बाबा कोण, ते सांगायलाच हवं. बाबा छत्तीस वर्षं बंदर खात्यात होड्या तपासायचे. होडी पाण्यात घालायच्या लायकीची आहे, अशा दाखल्यावर सही करणं हे त्यांचं काम. त्यांनी सही केलेली एकही होडी छत्तीस वर्षांत बुडाली नाही, कारण मुळात ते सहीच लवकर करायचे नाहीत. आधी होडीत उतरायचे, फळी न फळी ठोकून बघायचे, तळाला कान लावायचे, दोर नाकाशी धरून हुंगायचे. नावाडी किनाऱ्यावर उभे राहून त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. घरीही तोच खाक्या. बाईंच्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी कधी त्याच दिवशी सही केली नाही. पहिला नंबर आला तरी सगळे पेपर मागून घ्यायचे, तपासायचे, आणि दोन दिवसांनी काही न बोलता सही करायचे. छान केलंस, एवढे दोन शब्द बाईंनी आयुष्याच्या बेचाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. अशा माणसाला त्यांनी बटण फक्त दाबायला सांगितलं. कपाळ त्यांचं, दुसरं काय.

पहिली सोळा पानं बरी गेली. बाबा सकाळी चहा झाल्यावर बसायचे, दोनदा वाचायचे, अंगठा द्यायचे. नावाडी भला माणूस होता, होडी निळ्या रंगाची होती, बाबांची त्याला काही हरकत नव्हती. सतराव्या पानावर भर नदीत ती होडी बुडाली. चार ओळींत बुडाली. मुलांनी ‘बापरे’ म्हणून अंगठे टेकवले आणि पुढच्या पानाची वाट बघत बसली. टिंग काही वाजेना. तास संपला, मधली सुट्टी झाली, घंटा झाली, तरी होडी आपली बुडालेलीच.

बाई घरी पोचल्या तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. टॅबलेट बरणीला टेकवून ठेवला होता आणि बाजूला कोरा कागद, पट्टी, पेन्सिल अशी जुनी मांडामांड होती. ती बघूनच बाईंनी ओळखलं, टिंग का वाजलं नाही ते.

‘होडी बुडाली, हे वाचलं,’ बाबा म्हणाले. ‘का बुडाली, हे समजलं नाही. इथे लिहिलंय, वाचले आहे व समजले आहे. मग अंगठा कसा देऊ?’

बाईंनी सांगून पाहिलं की ही मुलांची गोष्ट आहे, होडी खोटी, नदी खोटी, नावाडी खोटा. बाबा म्हणाले, अंगठा मात्र खराच मागतायत. बाईंनी सांगितलं की पुढच्या पानावर कळेल. बाबा म्हणाले, पुढचं पुढे, सही या पानावर हवीय ना? मग बाईंनी शेवटचा उपाय म्हणून आपल्या नोकरीचं सांगितलं. बाबांनी चष्मा काढून तो पुसला, परत लावला आणि म्हणाले की नोकरी तुझी आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच म्हणतो, तुझ्या वर्गाच्या कागदावर खोटी सही माझ्या हातून व्हायची नाही. आता या माणसापुढे कुणी काय बोलायचं?

कंपनीतल्या मुलीने सांगितलं की वाचक मध्येच काढता येत नाही, काढला तर पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतं. आणि एखादा वाचक मागे पडत असेल तर त्याच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात, त्याने हुरूप येतो. बाईंनी फोन ठेवला. रविवारी दुपारी बाबा आरामखुर्चीत डोळा लागून पडले असताना त्या टॅबलेट घेऊन दबक्या पावलांनी त्यांच्याजवळ गेल्यासुद्धा. बाबा मूठ घट्ट मिटून झोपले होते, अंगठा आत. छत्तीस वर्षांच्या नोकरीत नावाड्यांनी हाही प्रकार करून पाहिला असणार. बाई तशाच परत फिरल्या आणि मोरीत जाऊन रडल्या.

सोमवारी सकाळी मुलांनी टॅबलेट उघडले तर सतराव्या पानाच्या समासात मजकूर आला होता. ‘विषय: निळी होडी, बुडाल्याबाबत. तरी खालील बाबींचा खुलासा व्हावा. होडीत माल किती होता? माणसं किती? दोर नवा होता की जुना? प्रवासाला निघण्यापूर्वी तळ कुणी पाहिला? आपला, वाचक क्रमांक पस्तीस.’

वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे शंकासुर म्हणायचे. सहा वर्षांच्या शाळेत त्याला प्रत्येकाने गप्प बसायला सांगितलं होतं, आणि इथे कुणीतरी मोठा माणूस स्वतः होऊन प्रश्न विचारत होता. त्याने मागची सोळा पानं धुंडाळली आणि तासाभरात उत्तर टाकलं की पान अकरावर सहा पोती आहेत, पान पाचवर दोर नवा आहे, पण पान बारावर तोच दोर झिजलेला आहे, हे कसं? अर्ध्या मिनिटात बाबांचं उत्तर आलं: ‘आपली नोंद मिळाली. मुद्दा महत्त्वाचा आहे. तपास करावा.’ मुलगा वाचता वाचता कानापर्यंत लाल झाला. असं त्याला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

झालं, तिथून सगळा वर्ग बिघडला. किंवा सुधारला म्हणा, बाईंना काही ठरवता येईना. हात धुवायच्या बेसिनमध्ये कंपासपेटी तरंगत सोडून तिच्यात एकेक खोडरबर टाकून बघण्यात आलं. सहा खोडरबरांना पेटी तरंगली, सातव्याला बुडाली. हे बाबांना कळवल्यावर त्यांनी पाणी स्थिर होतं की वाहतं, ते विचारलं. मग नळ सोडून प्रयोग झाला आणि वर्गात घोट्याएवढं पाणी साचलं. पहिल्या बाकावरची घाईची मुलगी, जी एरवी प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर द्यायची, ती आता हात वर करून म्हणू लागली की मला आणखी एक दिवस लागेल. फळ्यावर नदीचा नकाशा आला. पोत्यांवर कोण बसलं होतं, कोण उभं होतं, याच्यावरून दोन जिवलग मैत्रिणींनी अबोला धरला.

हे वर्गात राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण गणिताच्या सरांनी टाकीचं उदाहरण घातलं, एका नळाने भरते, दुसऱ्याने रिकामी होते, तर मुलांनी वह्या मिटून विचारलं की दुसरा नळ उघडा कुणी ठेवला, आणि त्याला कुणी बोललं का? इतिहासाच्या तासाला राजाने लढाई का केली याचा खुलासा मिळेपर्यंत वर्गाने पुढे जायला नकार दिला. एका मुलाची आई तणतणत आली. तिने मुलाला खोली आवरायला सांगून ‘समजलं का?’ असं विचारलं होतं, तर तो म्हणाला, ऐकलंय, समजलं नाही, चौकशी चालू आहे.

हेडसरांनी बाईंना बोलावलं आणि या वेळी खुर्ची दिली नाही. पंधरा दिवस झाले, एक पान हलत नाही, महिन्याअखेर मी कंपनीच्या माणसाला काय तोंड दाखवू, असं ते म्हणाले. अध्यक्षांना कळलं तर कायमचं सोडा, पुढचे अकरा महिनेसुद्धा कठीण आहेत, असंही म्हणाले. बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. रोज संध्याकाळी त्या नवी विनवणी घेऊन बाबांसमोर बसायच्या आणि रोज बाबा त्यांना मुलांच्या नोंदी वाचून दाखवायचे. बाबांचा आवाज हल्ली बदलला होता. निवृत्त झाल्यापासून ते इतके खुशीत कधी दिसले नव्हते, आणि ते बघून बाईंना राग यावा की बरं वाटावं तेही कळेना. एवढं मात्र खरं, की बटण दाबायला कुणाला कसं राजी करायचं, याशिवाय त्या तीन आठवड्यांत दुसरा विचार त्यांच्या डोक्यात शिरला नाही.

आणि मग एके सकाळी हेडसर धावत वर्गात आले. धावताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. कंपनीचं पत्र आलं होतं. कंपनीच्या संगणकाने सगळ्या शाळांचा हिशेब लावला होता, आणि एका पानाचा इतका खोल अभ्यास जगातल्या कुठल्याच वर्गाने केलेला नव्हता. पस्तीस वाचक, एक पान, एकोणीस दिवस. कंपनीचा मोठा साहेब स्वतः प्रमाणपत्र घेऊन येणार होता. हेडसरांनी बाईंचा हात धरून बजावलं की काही झालं तरी हे पान उलटू देऊ नका, साहेब आले की त्यांच्यासमोर उलटू. वडिलांना म्हणावं, दोन दिवस दम धरा. बाबा हे ऐकून म्हणाले की कुणी सांगतंय म्हणून सही करायची नाही, तसंच कुणी सांगतंय म्हणून थांबायचंही नाही, पण मुलांचा अहवाल त्याच दिवशी तयार होतोय तेव्हा योगायोगाने जमेल.

तो दिवस उजाडला. वर्गाच्या भिंतीवर पांढरा पडदा, समोर टायवाला साहेब, त्याच्या शेजारी हेडसर, आणि हेडसरांच्या काखेत बाईंच्या कायम नेमणुकीचा कागद. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ते शेवटच्या बाकावर बसले, गुडघे बाकाखाली मावेनात म्हणून जरा तिरके. मुलं वळून वळून त्यांना बघत होती. हाच तो पस्तीस नंबर, असं एकमेकांना सांगत होती.

शंकासुराने अहवाल वाचला. होडीत सहा पोती नेहमीची होती, सातवं पोतं शेवटच्या घटकेला चढवण्यात आलं. नावाडी नको म्हणत होता, पण होडीत बसलेल्या वैद्यांना पलीकडे जायची घाई होती, म्हणून त्याने तळ न बघताच झिजलेला दोर सोडला. नदीची चूक नाही. इतर कुणाचाही दुष्ट हेतू आढळला नाही. दोष घाईचा आहे. बाबांनी अहवाल हातात घेऊन चारही पानं नकाशासकट वाचली. साहेबाने दोनदा घड्याळ बघितलं. मग बाबांनी एवढंच विचारलं की हे चौतीसही जणांनी वाचलंय का. चौतीस हात वर झाले. बाबांनी रुमालाने अंगठा पुसला आणि टेकवला.

टिंग.

पान अठरा. पहिली ओळ सगळ्यांनी एका दमात वाचली: ‘आणि तेवढ्यात नावाड्याला जाग आली.’

 मग घाईची मुलगी हळूच म्हणाली की म्हणजे होडी बुडालीच नाही, ते स्वप्न होतं. आणि एकदम कल्ला झाला. बेसिन, खोडरबर, अबोला, नकाशा, सगळं वाया. पण ओरडता ओरडता शंकासुर थांबला, त्याच्या मनात आणखी एक शंका आली होती आणि ती त्याने नेहमीप्रमाणे मोठ्याने विचारली. बाईंना तर आधीपासून सगळी पानं दिसत होती ना?

साहेबाला मदत करायची हौस दांडगी. हो हो, दिसतात ना, शिक्षकांनी तर आधी सगळं वाचून मंजूर केलेलं असतं, असं म्हणून त्याने पडद्यावर तक्ता लावला. चौतीस मुलांच्या नावापुढे लांबलचक पट्टे होते, बाबांचा पट्टा सगळ्यांत लांब, पडद्याच्या बाहेर भिंतीवर गेलेला. सगळ्यांत खाली एक बारीकशी रेघ होती. शिक्षक: शहाण्णव पाने, चार मिनिटे.

 बाईंना वाटलं, जमीन दुभंगावी. तीन आठवडे उत्तर त्यांच्या स्वतःच्या टॅबलेटमध्ये पडलं होतं, एका पानापलीकडे, आणि ते बघावं असं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. मुलं त्यांच्याकडे रागाने बघत नव्हती. मुलं त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती त्या झिजलेल्या दोराकडे बघायची नजर होती.

मागच्या बाकावर बाबांनी कागदावर भागाकार केला.

‘पानाला अडीच सेकंद,’ ते म्हणाले. ‘अडीच सेकंदांत होडीत पायसुद्धा ठेवून होत नाही.’

एवढं बोलून ते पुन्हा खाली टॅबलेटकडे वळले. हेडसरांना या सगळ्याचं काही सोयरसुतक नव्हतं. साहेबाची गाडी होती, आणि सहीचा कागद पाचला शाळेची कचेरी बंद व्हायच्या आत तिथे पोचवायचा होता. त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या, प्रमाणपत्र दिलं-घेतलं, आणि कागद बाईंच्या टेबलावर ठेवून शेवटचं पान उघडलं. पेन्सिलीची फुली होती. वर ओळ होती: ‘वरील सर्व अटी मी वाचल्या आहेत व मला त्या समजल्या आहेत.’ हेडसरांनी पेनाचं टोपण काढून पेन बाईंच्या हातात दिलं.

सहा वर्षं ज्याची वाट बघितली तो कागद समोर होता. बाईंनी पेन धरलं. पेन फुलीवर टेकलं. मग त्यांनी ते बाजूला ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि कागदाचं पहिलं पान उघडलं.

हेडसर हसून म्हणाले की नेहमीचंच आहे ते. बाई वाचत राहिल्या. हेडसर म्हणाले की पाच वाजायला दहा मिनिटं आहेत. बाई दुसऱ्या पानावर गेल्या. साहेबाने बॅग उचलली, ठेवली. मुलांना मात्र काही जड गेलं नाही, वाट बघायची त्यांना सवय होती. पाचचे ठोके पडले, कचेरीचं दार लागलं, आणि त्याबरोबर आपलं सगळं गेलं असं वाटून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून त्या वाचत राहिल्या. चौथ्या पानावर नववी अट होती. ती त्यांनी दोनदा वाचली. मग शब्दाशब्दावर बोट ठेवत आणखी एकदा.

‘सर, ही नेमणूक अकरा महिन्यांची आहे,’ बाई म्हणाल्या.

हेडसर म्हणाले शक्यच नाही, नाव बघा वर, कायम नेमणूकपत्र असं छापलंय. बाईंनी नववी अट मोठ्याने वाचली. ‘कायम या शब्दाचा अर्थ या पत्रापुरता अकरा महिने असा घेण्यात यावा.’ हेडसरांनी कागद हिसकावून घेतला, वाचला, आणि त्यांचा चेहरा उतरला. आता ते बाईंकडे बघत नव्हते. त्यांनी शिपायाला हाक मारून आपल्या खोलीतली तसबीर काढून आणायला सांगितली. हेडसरांचं स्वतःचं कायम नेमणूकपत्र होतं ते, नऊ वर्षांपूर्वीचं, सोनेरी चौकटीत, शेवटचं पान पुढे आणि बाकीची पानं मागे दाबलेली. सगळ्यांसमोर चौकटीचे खिळे काढले गेले. चौथं पान, नववी अट. तीच.

म्हणजे गेली आठ वर्षं आणि वर महिनाभर हेडसर त्या शाळेचे कुणीच नव्हते. ते चौकट हातात घेऊन दाराशी जाऊन उभे राहिले, आत यावं की बाहेर जावं ते त्यांना उमजेना. शिपायाने त्यांच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि केवळ भला माणूस म्हणून परत मिटलं.

बाईंनी पेन उचललं. शेवटच्या पानावर फुली होती तिथे त्यांनी सही केली नाही. त्याच्या बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘वाचले. समजले. मान्य नाही.’  पुढे हेडसर आणि बाई दोघेही अध्यक्षांकडे गेले, महिनाभर रुसवेफुगवे झाले, नववी अट नसलेले दोन नवे कागद आले आणि बाईंनी आपल्या कागदावर दोन दिवसांनी सही केली, हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मात्र त्यांच्या हातात काहीच नव्हतं, आणि मुलांकडे बघायचं धाडस गोळा करत त्या टेबलाशी बसून होत्या.

मागच्या बाकावर बाबा अजून अठरावं पान वाचत होते. पहिल्या ओळीवरून एवढा गोंधळ झाला की पुढच्या ओळी त्यांच्याशिवाय कुणी वाचल्याच नव्हत्या. नावाडी दचकून उठला, असं तिथे होतं. पहाटेचा तसाच किनाऱ्यावर धावला. होडी उलटी केली आणि कधी नव्हे तो तिचा तळ तपासायला बसला.

बाबांनी ते पान दुसऱ्यांदा वाचलं. मान वर करून लेकीकडे बराच वेळ बघितलं. मग दोन दिवस न थांबता, काही न विचारता, त्यांनी अंगठा टेकवला. मुलांनीही पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचून आपापले अंगठे दिले, आणि सगळ्या वर्गात टिंग वाजलं.